गोठ्यात रात्री सापळा लावून चिलटं मोजतोय. निपाणी-चिकोडी-अथणीकडं अजून कोण करतंय का?

दूधगंगाकाठ | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमचं गाव निपाणी तालुक्यात, कोगनोळीच्या अंगाला (आमचा काठ कर्नाटकात, नदीपलीकडचं कागल महाराष्ट्रात). गोठ्यात तीन म्हशी, दोन एचएफ गायी, एक खिलार खोंड. मागच्या बाजूला चुलत्यांची बकरी असतात (आमच्याकडं मेंढ्यांना बकरीच म्हणतात, शहरातल्यांनी शेळ्या समजू नये).

२०२२ ला लंपी (जनावरांच्या अंगावर गाठी येणारा रोग) आला तेव्हा आमची एक गाय गेली. पाच महिन्यांची गाभण होती. आधी मानेवर चार गाठी, मग अंगभर, मग पुढचे पाय असे सुजले की बसली ती उठलीच नाही. त्या दिवसांत जो येईल तो सांगायचा, माश्या-डासांनी पसरतोय, गोठा स्वच्छ ठेवा. ठेवला. पण कुठली माशी, ती कधी वाढते, किती वाढली म्हणजे सावध व्हायचं, हे कुणालाच सांगता येईना. ते मनात राहून गेलं होतं.

यंदा कर्नाटकी बेंदूर झाल्यावर सापळा बांधला. साहित्य असं : चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा (कोपरे कानशीनं घासून पाइपात बसवला, वारा खाली फेकेल असा), वर अल्ट्राव्हायोलेट एलईडीची पट्टी, त्याच्यावर पावसासाठी प्लास्टिकचं घमेलं पालथं. पाइपाच्या खाली जुन्या ओढणीचा बोळका (निमुळती पिशवी) आणि त्याच्या टोकाला पाण्याचा ग्लास. वीज फवारणीच्या बॅटरी पंपातली, १२ व्होल्ट ८ अँपिअरची. संध्याकाळी भरून लावली की सकाळपर्यंत पुरते. उजेडाला आलेलं चिलट पंख्याच्या ओढीत सापडतं आणि खाली पाण्यात पडतं.

पहिले दोन आठवडे वाया गेले. पहिल्यांदा ग्लास न लावता नुसता बोळका बांधला होता आणि बॅटरी अर्धवट भरलेली. पहाटे पंखा थांबला, सकाळी बोळका रिकामा. नंतर ग्लास लावला तर त्यात ढीगभर पतंग आणि पंखमुंग्या, चिलटं त्यांच्या खाली चेंगरून गेलेली. मग सापळ्याभोवती मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळला. मोठे किडे बाहेर राहतात, आणि मच्छरदाणीतून चिलट आरपार जातं हे तर आपण झोपताना रोज भोगतोच.

आता सकाळी पाणी पांढऱ्या बशीत ओततो आणि घड्याळजीकडची भिंग डोळ्याला लावून बसतो. नुसत्या डोळ्यानं खसखशीचा दाणा दिसतो. भिंगातून बघितलं की दोन पंख, त्यांच्यावर राखाडी-पांढरे ठिपके, आणि पोट. काहींचं पोट फिकट, काहींचं जांभळट लाल, पिकलेल्या करवंदासारखं. एका-दोघांचं पोट ताज्या रक्तानं टम्म फुगलेलं असतं. ते आमच्याच म्हशीचं, हे बघून अंगावर काटा येतो.

माझी अडचण अशी. एका रात्री ४०-५० मिळतात, चार दिवसांनी बशी नुसती काळी होते, परत पुढच्या वेळी दहा. यातून काय समजायचं? आणि आपल्या भागात हे अजून कोण करतंय का? एकट्याच्या गोठ्यातल्या आकड्याला काही अर्थ आहे का?

---

कागलकडचा | रविवार, रात्री १०.०५

तुमच्या समोरच्याच काठावर आहे मी. पुलावरून दहा मिनिटं. करून बघायची फार इच्छा आहे. पंखा कुठून आणला ते कळवा. आणि एक शंका : उजेड लावून उलट जास्त चिलटं जनावरांकडं बोलावतोय असं तर होत नाही ना?

---

अथणीची_सून | सोमवार, सकाळी ६.५०

धारा काढून बसलेय, म्हणून थोडंच लिहिते. आमच्याकडं रात्रीच्या चिलटांपेक्षा दिवसाच्या माशीनं जीव नकोसा केलाय. घरमाशीसारखीच दिसते, पण तोंडाला पुढं सरळ सुई. पायांनाच चावते. गायी दिवसभर पाय आपटतात, चरत नाहीत, दूध उतरतं. ही तुमच्या सापळ्यात येते का?

---

निवृत्त_पशुवैद्य | सोमवार, दुपारी २.१५

दूधगंगाकाठ, तुमचं मनापासून अभिनंदन. मी ३० वर्षं दवाखान्यांत काढली, बहुतेक हुक्केरी आणि रायबागकडं. आजारी जनावर दारात आल्यावर आम्ही धावायचो. जनावर आजारी पडायच्या आधी गोठ्यात काय उडतंय हे रोज बघणारा पशुपालक मला क्वचित भेटला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, "माश्या-डास" हा एक गठ्ठा नाही. तुमच्या बशीतली ठिपकेदार पंखांची चिलटं म्हणजे क्युलिकॉइडिस. लांबी एक ते तीन मिलिमीटर. त्यांच्यातली फक्त मादी चावते. मेंढ्यांचा नीलजिव्हा, ज्याला आपल्या दवाखान्यांतल्या कन्नड कागदावर 'नीली नालिगे' लिहितात, तो हीच पसरवते. एका मेंढीजवळून दुसरीला तो शिंकण्या-खोकण्यानं जात नाही, चिलट मध्ये लागतंच. दक्षिण आफ्रिकेत दु तोआ यांनी १९४४ मध्ये हे दाखवून दिलं. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ ची, आणि तीही महाराष्ट्रातली. म्हणजे आपल्या भागाला तो नवा नाही.

लंपीचं वेगळं. त्याचा विषाणू माशीच्या अंगात वाढत नाही. एका जनावराला चावताना सुई भरली आणि लगेच दुसऱ्याला चावली, की गेला. अथणीच्या ताई म्हणतात ती माशी, स्टोमोक्सिस, आपण गोठामाशी म्हणू, ती या कामात येते. डासही येतात, गोचीडही. ती माशी दिवसा चावते, त्यामुळं रात्रीच्या उजेडाच्या सापळ्यात मिळणार नाही. तेव्हा कृपा करून "सापळा रिकामा आहे, म्हणजे लंपीची भीती नाही" असं कुणी धरून चालू नये. घोडमाशी सरा (रक्तातल्या परजीवीचा रोग) पसरवते, तीही दिवसाचीच. तिवा, म्हणजे गायी-म्हशींचा तीन दिवसांचा ताप, हा डास आणि चिलटांच्या खात्यावर जातो.

आता आकड्याबद्दल. एका रात्रीचा आकडा एकटा काहीच बोलत नाही. वारा असला की चिलट उडत नाही. पाऊस असला की उडत नाही. पौर्णिमेला तुमचा दिवा चांदण्यापुढं फिका पडतो आणि माल कमी मिळतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी, तोच सापळा, त्याच खांबाला, त्याच उंचीवर, सूर्य मावळायच्या आधी लावून उगवल्यावर काढायचा. आकड्याच्या शेजारी तिथी, पाऊस आणि वारा लिहायचा. असे सहा-आठ आठवडे झाले की मग वहीच बोलायला लागते.

आणि ते जांभळट लाल पोट! तुम्ही न शिकता नेमकी महत्त्वाची गोष्ट हेरलीत. मादीनं एकदा रक्त पिऊन अंडी घातली की पोटाच्या कातडीत तो रंग उतरतो आणि राहतो. फिकट पोटाची मादी अजून कुणाला चावलेलीच नसते, तिच्यात विषाणू असण्याचं कारण नाही. लाल पोटाची एकदा चावून आलेली आहे, आता दुसऱ्यांदा चावणार. रोग नेणारी ती. म्हणून दोन रकाने करा : एकूण, आणि त्यांतल्या लाल पोटाच्या. युरोपात थंडीत सापळ्यात अशा लाल पोटाच्या पाचांपेक्षा कमी मिळाल्या की तो काळ 'चिलटांपासून मोकळा' धरायचा नियम आहे. आपल्याकडची थंडी तेवढी कडक नाही, त्यामुळं आपल्याला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. आपण चढ बघायचा.

कागलकडचे, तुमच्या शंकेचं : चिलटाला हा दिवा फार लांबून ओढत नाही, तीसेक मीटरच्या आतलंच येतं. जे येतं ते जनावरांच्या वासानं आधीच गोठ्यापाशी आलेलं असतं. तरी सापळा जनावराच्या डोक्यावर लावू नका. दावणीपासून पाच-सात पावलं बाजूला, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. आणि गोठ्यातला बल्ब त्या रात्री बंद.

---

वाघर | सोमवार, रात्री ८.३०

डॉक्टर, राम राम. आमची बकरीच आहेत, दख्खनी, पिढीजात. चिकोडी तालुका. पावसाळ्यात माळावर असतो, दिवाळीनंतर नदीकाठच्या रानांत खतासाठी बकरी बसवतो.

गेल्या वर्षी परतीच्या पावसानंतर नदीकाठी आलो आणि आठ-दहा दिवसांत बकरी पडायला लागली. आधी ताप. मग ओठ आणि जबडा सुजला, नाकातून शेंबूड येऊन नाकपुड्यांवर खपल्या. तोंडातून लाळ. लाळ-खुरकूत म्हणावं तर खुरात जखम नव्हती, खुराच्या वरची कड मात्र लालभडक, आणि बकरी गुडघ्यावर चालायची. एकीची मान वाकडी झाली ती सरळ झालीच नाही. गाभण होत्या त्यांतल्या काही गाभडल्या. शेजारी बांधलेल्या गायींना काहीच नाही.

माझे आजोबा सांगायचे, पावसाळा सरेपर्यंत बकरी पाण्याच्या कडेला बसवू नका, माळावर वाऱ्याला ठेवा. दिवस मावळताना वाघरीच्या (बकऱ्यांभोवती लावायच्या जाळीच्या) चारी अंगांना शेणीचा धूर करायचे. आम्ही ते सोडलं. ऊसवाले पैसे देतात, लवकर या म्हणतात, आम्ही जातो. आता तुम्ही वाऱ्याचं लिहिलंत ते वाचून आजोबांचं बोलणं लख्ख डोळ्यांपुढं आलं.

---

निवृत्त_पशुवैद्य | सोमवार, रात्री ९.२०

तुम्ही सांगितलेलं वर्णन नीलजिव्ह्याशी फार जुळतं. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीसारख्या रोगातही तोंड येतं, पण त्यात हगवण जोरात असते. नक्की मात्र रक्त तपासल्याशिवाय कुणीच सांगू नये, मीही नाही. (जीभ निळी पडते हे नावापुरतं. मी पाहिलेल्या बहुतेक मेंढ्यांची जीभ निळी नव्हती. निळ्या जिभेची वाट बघत बसलात तर कळप हातचा जाईल.)

"शेजारच्या गायींना काहीच नाही" हे वाक्य सगळ्यांनी परत वाचा. गायीच्या रक्तात हा विषाणू कित्येक आठवडे राहतो आणि गाय रवंथ करत उभी असते. चिलट तिला चावतं, मग मेंढीला. म्हणून दूधगंगाकाठ यांच्या म्हशी-गायींच्या गोठ्यातला आकडा त्यांच्या चुलत्यांच्या बकऱ्यांसाठी आहे.

तुमच्या आजोबांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. चिलटाच्या अळ्या ओल्या चिखलात आणि शेणात वाढतात, ओढ्याची कड, गोठ्याचं सांडपाणी, हौदाची गळती. चावायची वेळ दिवेलागण आणि पहाट. आणि वाऱ्यात ते टिकत नाही. माळ, धूर आणि वेळ, तिन्ही बरोबर.

आता हिशेब. उबदार हवेत चिलटाच्या अंगात विषाणू वाढायला आठवडा-दीड आठवडा लागतो. चावल्यावर मेंढीला ताप यायला आणखी आठवडाभर. म्हणजे सापळ्यात लाल पोटाच्या माद्या चढू लागल्या की साधारण दोन ते तीन आठवडे हातात असतात. तेवढ्यात बकरी माळावर हलवता येतात, संध्याकाळी लवकर आत घेता येतात, चिखल उपसता येतो. लस मात्र त्याच्याही आधी हवी, कारण टोचल्यावर अंगात ताकद यायलाच दोन-तीन आठवडे जातात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रकल्पातून पाच प्रकारांची एकत्र मृत लस तयार झाली आहे : १, २, १०, १६ आणि २३. विषाणूचे प्रकार पंचवीसहून जास्त आहेत, त्यामुळं लस झाली म्हणून डोळे मिटायचे नाहीत. पावसाच्या आधी दवाखान्यात मागणी लावा, कळपाची संख्या लेखी द्या.

---

अथणीची_सून | मंगळवार, दुपारी १.३०

डॉक्टरांनी गोठामाशी म्हटल्यावर आमच्या घरचा पुतण्या हात धुऊन मागं लागला, काकू, तिचाही सापळा असतो म्हणून. निळ्या आणि काळ्या कापडाचा. आफ्रिकेत निघाला, न्झी नाव, तिकडच्या स्वाहिली भाषेत माशीला तसंच म्हणतात. ना दिवा, ना बॅटरी. निळ्या रंगाला माशी येते, आत काळं कापड बघून त्यावर बसायला जाते, आणि मग उजेडाकडं वर चढून जाळीच्या शंकूत अडकते. शंकूच्या टोकाला पाण्याची बाटली उलटी.

मी शिवला. पहिल्यांदा घरात होतं ते आकाशी कापड लावलं, माशी फिरकली नाही. मग शाळेच्या बॅगला लागतं तसं गडद चमकदार निळं आणलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीत माश्या. सावलीत नाही, उन्हात लावायचा. गायी जिथं दुपारी बसतात तिथं, पण शिंग लागणार नाही एवढ्या अंतरावर. आमच्या कालवडीनं पहिला सापळा चघळून टाकला.

पण खरी गोष्ट पुढं आहे. एकच सापळा रोज जागा बदलून लावला. उकिरड्याकडं थोड्या मिळाल्या. गव्हाणीच्या मागच्या कोपऱ्यात भरपूर. तिथं जाऊन बघितलं तर उरलेलं वाढं, कडब्याची कुट्टी, त्यात मूत आणि शेण मिसळून वीतभर थर साचलेला. वर कोरडा, खाली गरम. खुरपं घातलं तर आत पांढऱ्या अळ्या नुसत्या वळवळत होत्या. आम्ही रोज शेण काढतो, गोठा झाडतो, आणि माझी समजूत होती आमचा गोठा स्वच्छ आहे. तो कोपरा आठवडाभर कुणाच्या नजरेस पडत नव्हता. आता दर चार दिवसांनी तिथला थर ओढून उन्हात पसरते. गायी पाय आपटतात, पण पूर्वीसारख्या नाहीत.

---

कीटकवेडी | मंगळवार, रात्री ११.१०

ताई, तुम्ही केलंत ते फार मोलाचं आहे! मी बेळगावात प्राणिशास्त्र शिकतेय. गोठामाशीला निव्वळ शेणापेक्षा शेण आणि कुजणारा चारा यांचं मिश्रण जास्त आवडतं. अंड्यापासून माशी व्हायला उबदार दिवसांत दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे दर चार दिवसांनी थर मोडलात तर पिढी पुरीच होत नाही.

ऊसपट्ट्यातल्या सगळ्यांसाठी एक सांगते. ब्राझीलमध्ये उसाच्या पाचटावर डिस्टिलरीचं मळीचं सांडपाणी सोडलं जातं, त्या ओल्या पाचटात गोठामाशीची प्रचंड पैदास होऊन आजूबाजूची जनावरं हैराण झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडं अथणी, रायबाग, चिकोडी म्हणजे ऊसच ऊस. जिथं पाचट ओलं राहून कुजतंय अशा फडाशेजारी गोठा असेल, तर निळा सापळा तिथं जरूर लावून बघा.

चिलटं जपून ठेवायची असतील तर पाण्यात नको, दुपारपर्यंत सडतात. मेडिकलमधून स्पिरिट आणा, छोट्या बाटलीत ७० टक्क्यांचं करून त्यात ठेवा. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, गाव आणि तारीख पेन्सिलीनं लिहून. पेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. मी पहिल्या वर्षी बॉलपेननं लिहिलं होतं, पंधरा बाटल्या कुठल्या गावच्या ते कळेना, सगळ्या टाकाव्या लागल्या. ग्लासात पाणी असतं त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाका, म्हणजे चिलटं तरंगत नाहीत, बुडतात. फिनेल नको, पंख खराब होतात.

खूप मिळाली तर सगळी मोजू नका. पाणी ढवळून समान दहा भाग करा, एका भागातली मोजा, दहानं गुणा.

---

खानापूरकर | बुधवार, सकाळी ७.४०

कणकुंबीकडून. आमच्याकडं पाऊस एवढा की जूनमध्ये दिवा लावायची सोयच नाही. घोडमाशी मात्र उघडीप पडली की म्हशींच्या पाठीवर रक्ताचे थेंब काढते. निळं कापड आणतो.

आमच्या रानात गोचिडीची भीती जास्त. माकडताप १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि २०१६ पासून खाली दोडामार्गातही माणसं आजारी पडली. गोचीड मोजायची रीत वेगळी आहे, पांढरं फडकं गवतावरून ओढत न्यायचं आणि चिकटलेल्या मोजायच्या. कुणाला त्याची माहिती असेल तर वेगळा धागा काढा, मी येतो.

---

नवा_गोठा | बुधवार, दुपारी १२.२०

मी बोरगावचा, नवीनच दोन गायी घेतल्यात. असे दहा सापळे लावले तर चिलटं संपतील का? आणि दुकानात ते निळ्या दिव्याचं, चट चट करणारं डास मारायचं यंत्र मिळतं, ते चालेल का?

---

निवृत्त_पशुवैद्य | बुधवार, दुपारी ३.००

दहा काय, शंभर लावलेत तरी संपणार नाहीत. एका ओढ्याच्या चिखलातून रोज किती निघतात याचा अंदाज आपल्याला येत नाही. ताप मोजायची नळी लावून ताप उतरत नाही. सापळा मोजण्यासाठी, कमी करायला खोरं आणि खुरपं.

चट चट करणाऱ्या यंत्रात किडा जळून तुटतो, त्याचं पोट कुठं, पंख कुठं, काही ओळखता येत नाही. शिवाय त्यात बहुतांश निरुपद्रवी पतंगच मरतात. घेऊ नका.

नवीन आहात म्हणून दोन गोष्टी आताच सांगून ठेवतो. गाय अचानक लंगडली, ताप आला, थरथरायला लागली, बसून राहिली, तर तिवा असू शकतो. बहुधा तीन दिवसांत उठते. त्या अवस्थेत तिला बाटलीनं काहीही पाजू नका, तेल नाही, काढा नाही. गिळायची ताकद गेलेली असते, ते फुप्फुसात जातं. तिव्यानं न मेलेली गाय मी पाजण्यानं मेलेली पाहिली आहे. दुसरं, जनावर आजारी दिसलं की १९६२ या पशुसेवेच्या नंबरवर फोन करा आणि औषध सुरू व्हायच्या आधी रक्त घ्यायला सांगा. जांभळ्या बुचाची नळी, बर्फाच्या डब्यात, पण गोठवायची नाही.

---

कागलकडचा | बुधवार, रात्री ९.१५

पंखा मिळाला. सापळा तयार आहे, परवा पहिली रात्र लावली. २२ मिळाली, त्यांत लाल पोटाची ७. भिंग मुलाच्या कंपासपेटीतली.

आता एक मनातलं बोलतो. लंपीच्या साथीत आमच्या काठाला लस झाली तेव्हा पलीकडच्या पाहुण्यांच्या गोठ्यात झाली नव्हती. त्याआधी एकदा उलटं झालं होतं. बाजार बंद, नाक्यावर जनावरांच्या गाड्या अडवल्या, ते योग्यच होतं. पण माझ्या गोठ्यातून पाहुण्यांचा गोठा दिसतो, मध्ये नदीचं पात्र तेवढं. चिलट तर वाऱ्यावर कुठल्या कुठं जातं. दोन्हीकडचे कागद वेगळ्या भाषेत, वेगळ्या कचेरीत. इकडं लंपी, तिकडं चर्मगंटू. पाहुण्यांच्या गावात काय चाललंय ते मला लग्नात भेटल्यावर कळतं.

म्हणून सुचवतो. आपण दोन्ही काठांवर एकाच रात्री सापळे लावू. आकडे इथंच टाकू. तुमच्याकडं लाल पोटाच्या चढल्या आणि माझ्याकडं नाहीत, तर मला दोन दिवस आधी कळेल. उलटही.

---

दूधगंगाकाठ | बुधवार, रात्री १०.३०

हेच मला हवं होतं. एकट्याच्या आकड्याला अर्थ आहे का असं विचारलं होतं, त्याचं उत्तर मिळालं.

कालची माझी वही : एकूण ६१, लाल पोटाच्या १९, ताज्या रक्ताच्या ३. सप्तमी, वारा नाही, दुपारी सर येऊन गेली. गेल्या आठवड्यात लाल पोटाच्या ४ होत्या. पण गेल्या आठवड्यात पौर्णिमा होती, त्यामुळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं लगेच घाबरत नाही. तरी आज सकाळी हौदाची गळती बुजवली. हौदाच्या कडेला म्हशींच्या खुरांनी खड्डे पडून त्यात हिरवं पाणी साचलेलं असतं, मी रोज त्यावरून उडी मारून जात होतो. त्यातला चिखल पळीभर काढून बाटलीत भरलाय, वर ओढणीचं कापड बांधलंय. आतून काय बाहेर पडतंय ते बघायचंय.

चुलत्यांना सगळा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, बकरी अजून महिनाभर माळावरच राहू देत. ऊसवाल्याला फोन करून तसं कळवलं.

---

कीटकवेडी | बुधवार, रात्री ११.००

बाटली उजेडात ठेवा पण उन्हात नको, आणि चिखल सुकू देऊ नका. दोन-तीन आठवडे धीर धरा. जे निघेल ते स्पिरिटमध्ये, पेन्सिलीची चिठ्ठी टाकून माझ्यासाठी ठेवा. पंखांवरच्या ठिपक्यांवरून कुठली जात ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगते. चिखलातली वेगळी, शेणातली वेगळी. चिखलातली असेल तर हौद दुरुस्त केला तेवढं पुरे, शेणातली असेल तर उकिरड्याकडं वळावं लागेल.

---

निवृत्त_पशुवैद्य | गुरुवार, सकाळी ६.१५

वार ठरवून टाका, मंगळवार धरा. पाऊस असला तर बुधवार, पण दोन्ही काठांनी मिळूनच बदलायचा. आकडा शून्य आला तरी शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळा रकाना बघून नंतर कळत नाही की चिलटं नव्हती की सापळाच लावला नव्हता. महिन्याची वही झाली की मला पाठवा, दोन्हीकडच्या दवाखान्यांत मी स्वतः घेऊन जातो. माझं कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं.

---

वाघर | गुरुवार, रात्री ८.००

दूधगंगाकाठ, मंगळवारी दुपारी येतो तुमच्या गोठ्यावर. सापळा बांधायचा कसा तो डोळ्यानं बघायचाय. आमच्या वाड्यावर वीज नाही, पण मोबाईल चार्ज करायला सौर पाटी आहे, त्यावर पंपाची बॅटरी भरते का बघू. येताना थोड्या शेणी आणतो, तुमच्याकडं सगळं गोबर गॅसला जात असेल. रात्री राहीन. पहाटे बशी मला पहिली बघायचीय.